इन-स्टेट फी कशी मिळवायची: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी, व्हिसाच्या भानगडीसकट

दरवर्षी कॉलेज ॲप्लिकेशनची धावपळ सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न पडतो, "आम्हाला इथे येऊन वर्ष झालं, आता इन-स्टेट मिळेल ना?", म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशांना लागणारी कमी फी, आणि खाली ढीगभर उत्तरं, सगळी वेगवेगळी, कारण एक जण टेक्सासात राहतो, दुसरी न्यू जर्सीत, कुणाचं ग्रीन कार्ड झालंय, कुणाचा मुलगा दहा वर्षांपूर्वी शिकून गेला. सगळे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त तुमच्या कामाचं त्यातलं एकही उत्तर नसतं. म्हणून हे जरा बैजवार लिहितेय.

आधी पैसे किती अडकलेत ते बघा म्हणजे एवढी कागदपत्रं जमवायचा उत्साह येईल. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी), म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे, २०२५-२६ ला नव्याने ॲडमिशन घेणाऱ्या बाहेरच्या अंडरग्रॅड विद्यार्थ्याला नेहमीच्या फीच्या वर जादा ३७,६०२ डॉलर भरावे लागतात. दरवर्षी. चार वर्षांचे दीड लाख डॉलर झाले, आणि यात राहणं-खाणं नाही, नुसता "बाहेरचा" असण्याचा दंड. बाकी राज्यांत आकडा वेगळा, पण मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत फरक बहुतेक ठिकाणी असाच झोंबणारा असतो.

दुसरी गोष्ट, हे ठरवतं राज्य. केंद्र सरकार नाही, इमिग्रेशन ऑफिस नाही. त्यामुळे "अमेरिकेत इन-स्टेटचा नियम काय" या प्रश्नाला उत्तरच नाही, "व्हर्जिनियात काय, जॉर्जियात काय" असंच विचारावं लागतं. सगळीकडे ढोबळ सांगाडा मात्र सारखा आहे: साधारण १२ महिने त्या राज्यात डोमिसाइल, म्हणजे कायमचं घर, आणि ते शिक्षणासाठी नाही तर राहण्यासाठी. लोक पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. अर्ज अडकतात ते दुसऱ्या अर्ध्यावर. फाइल तपासणाऱ्या माणसाला एवढंच बघायचं असतं की हे कुटुंब इथे राहायला आलंय का स्वस्तात शिकायला आलंय. तुमचा प्रत्येक कागद त्याच प्रश्नाचं उत्तर देत असला पाहिजे.

पहिलं काम: कुणाचं डोमिसाइल मोजणार ते ठरवा

मूल तुमच्या टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट (तुमच्या खर्चावर अवलंबून) असेल, म्हणजे बारावी झालेलं जवळपास प्रत्येक मूल, तर मोजतात ते तुमचं, आईबाबांचं. मुलाने स्वतः अपार्टमेंट घेतलं, लायसन्स काढलं, पिझ्झाच्या दुकानात नोकरी धरली, तरी आईबाबा दुसऱ्या राज्यात असतील तर त्याला फारसा अर्थ नाही. "आम्ही त्याला इंडिपेंडंट दाखवतो" ही आयडिया पण बऱ्याच जणांना सुचते. यूसीत चोवीस वर्षांखालच्या अविवाहित अंडरग्रॅडचे आईबाबा कॅलिफोर्नियाचे रहिवासी नसतील, तर मुलाला साधारण दोन वर्षं स्वतःच्या कमाईवर जगल्याचं दाखवावं लागतं, आणि अठरा वर्षांच्या पोराने दोन वर्षं स्वतःचं भाडं, जेवण, फी स्वतः भरली हे कोण मान्य करणार? विसरा ते.

मग येतो काकांचा प्रश्न. "माझा दीर कॅलिफोर्नियात आहे, अकरावी-बारावीला मुलीला त्यांच्याकडे ठेवलं, कोर्टातून गार्डियनशिप घेतली तर?" आईबाबा हयात आहेत, कमावते आहेत, मुलीचा खर्च करतायत, अशा वेळी काका-काकूंचा पत्ता सहसा चालत नाही, आणि निव्वळ फीसाठी घेतलेली गार्डियनशिप ऑफिसला लगेच कळते. तिथे काकूच्या हातचं जेवण मिळेल, इन-स्टेट मिळणार नाही.

आणि आता पुणे-मुंबई-नाशिकच्या मंडळींसाठी, कारण हा गैरसमज फार पक्का आहे. मूल अमेरिकेत जन्मलं, तुम्ही पाच-सात वर्षांनी भारतात परत आलात, मूल भारतातच शिकलं, त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. आता बारावीनंतर ते अमेरिकेत जाणार आणि नागरिक असल्यामुळे इन-स्टेट फी मिळणार, असं धरून लोक बजेट करतात. मिळत नाही. नागरिकत्व देशाचं असतं, डोमिसाइल राज्याचं, आणि तुमचं घर बाणेरला असेल तर तुमचं मूल कुठल्याच राज्याचं रहिवासी नाही, अगदी जिथे जन्मलं त्या राज्याचं पण नाही. नागरिक असल्याचा फायदा आहेच, व्हिसा नको, फाफ्सा (केंद्र सरकारचा मदतीचा फॉर्म) भरून फेडरल ग्रँट आणि कर्जासाठी अर्ज करता येतो, काम करायला बंधन नाही, पण फी आऊट-ऑफ-स्टेटची. इन-स्टेट हवंच असेल तर आईबाबांपैकी एकाने खरोखर तिकडे जाऊन नोकरी धरून वर्षभर राहायला हवं, किंवा मुलाने आधी काही वर्षं नोकरी करून मग कॉलेजला जायला हवं, दोन्ही सोपं नाही हे मलाही कळतं.

दुसरं काम: व्हिसा डोमिसाइलला चालतो का ते बघा

यामागचं लॉजिक एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही. एफ-१ स्टुडंट व्हिसा घेताना आपण कॉन्सुलेटला सांगतो की माझं घर भारतात आहे, ते सोडायचा माझा इरादा नाही, शिकून परत जाणार. मग त्याच तोंडाने "मी कायमचा टेक्सासकर" कसं म्हणणार? म्हणून एफ-१ वर कितीही वर्षं राहिलात तरी बहुतेक राज्यांत डोमिसाइल धरत नाहीत. एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांचं तसं नाही, तिथे काम करता करता कायमचं राहण्याचा इरादा ठेवायला कायदाच परवानगी देतो, आणि त्यांच्या व्हिसावर आलेले बायको-नवरा-मुलं, म्हणजे एच-४, एल-२ वाले, पण त्यात येतात. टेक्सास, कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया या तिन्ही ठिकाणी एच-१बी आणि एच-४ वर डोमिसाइल करता येतं. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. टेक्सासात तर आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज, भरून त्याची पोच आलेली असेल तरी चालतं.

जॉर्जियात गंमत वेगळी. तिथे नोकरीच्या व्हिसावरच्या कुटुंबाला "रहिवासी" म्हणत नाहीत, पण जादा फी माफ करण्याची सोय आहे, आणि त्यासाठी तुम्ही ग्रीन कार्डसाठी शक्य ती सगळी पावलं उचलताय असं दाखवावं लागतं. म्हणजे आय-१४० ची (कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेल्या अर्जाची) मंजुरी वगैरे कागद तिथे फीच्या फाइलला लागतात. अटलांटाकडच्या लोकांनी कंपनीच्या वकिलाकडून त्या कागदांच्या कॉप्या आत्ताच मागून ठेवाव्यात, ऐनवेळी ते लोक ईमेलला उत्तर देत नाहीत.

एवढ्या खोलात जाऊन हे कोर्टात लढलं गेलेलं आहे. वर्ल्ड बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांतल्या लोकांना जी-४ व्हिसा असतो, त्यांच्या मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड इन-स्टेट देत नव्हती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८२ ला मेरीलँड हरली. केंद्राने ज्यांना इथे घर करायची मुभा दिली त्यांच्यावर राज्याने वेगळं ओझं टाकायचं नाही, असा साधारण सूर होता.

आता एच-४ वाल्या आईबाबांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. म्हणजे साधारण कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग बघता तोपर्यंत नंबर लागेलच असं नाही, मग बहुतेक मुलं एफ-१ घेतात, आणि एफ-१ घेतला की इन-स्टेटवर गदा येऊ शकते. काही ठिकाणी आधी रहिवासी ठरलेल्या मुलाला तसंच चालू ठेवतात, काही ठिकाणी नाही. हे कॉलेज निवडायच्या आधी, म्हणजे बारावीतच, त्या त्या युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून विचारा, फोनवर नको, लेखी उत्तर हातात पाहिजे. आणि ग्रीन कार्डच्या अर्जासाठी मुलाचं वय कायद्याने गोठवता येतं का हे इमिग्रेशन वकिलाला विचारा, काही केसेसमध्ये येतं.

टेक्सासबद्दल एक वेगळं सांगायला हवं. तिथे २००१ पासून, तीन वर्षं राज्यात राहून तिथल्याच हायस्कूलमधून पास झालेल्या मुलांना, कायदेशीर कागद नसले तरी, इन-स्टेट मिळायचं. जून २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने कागद नसलेल्या मुलांसाठी ते थांबलं. फ्लोरिडानेही त्याच वर्षी तशी सवलत काढून टाकली. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वीचा कुणाचा अनुभव आता जसाच्या तसा धरू नका.

तिसरं काम: तारीख मोजा

१२ महिने कुठपर्यंतचे? ॲडमिशनच्या दिवसापर्यंतचे नाहीत, अर्ज केल्याच्या दिवसापर्यंतचे पण नाहीत. टेक्सासात सेन्सस डेट असते, नेहमीच्या लांबीच्या सेमिस्टरला क्लासेसचा बारावा दिवस. फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं म्हणजे ही तारीख सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. म्हणजे २०२७ च्या फॉलला मूल कॉलेजला जाणार असेल तर तुम्ही सप्टेंबर २०२६ च्या सुरुवातीलाच तिथे बस्तान बसवलेलं पाहिजे, आणि तेव्हा मूल बारावीत नुकतं गेलेलं असतं. नोव्हेंबरात नोकरी बदलून आलात तर पहिलं सेमिस्टर बाहेरच्या फीने, आणि वर्ष पूर्ण झाल्यावर स्प्रिंगसाठी पुन्हा अर्ज. यूसीत एक वर्ष आणि वर एक दिवस, म्हणजे ३६६ दिवस मोजतात.

घड्याळ सुरू कधी झालं हे पण तुम्हालाच दाखवायचंय. नोकरीच्या पहिल्या दिवसाचं कंपनीचं पत्र, लीजवरची तारीख, मुलांची शाळेतली नावनोंदणी, या तीन गोष्टी एकाच महिन्यातल्या असतील तर कुणी शंका घेत नाही. त्या वर्षात लांबची भारतवारी झाली, आजी आजारी होती, लग्न होतं, तर परतीची तिकिटं जपून ठेवा आणि इथलं घर चालू होतं याचा पुरावा पण.

चौथं काम: कागद, आणि कागदांवरचे पत्ते

खरी मेहनत इथे आहे. प्रत्येक राज्याची यादी असते, लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, लीज किंवा घराची डीड, राज्याचं टॅक्स रिटर्न, नोकरीचं पत्र, युटिलिटी बिलं. फ्लोरिडात तर कागदांच्या दोन पायऱ्याच केल्यात, किमान दोन कागद लागतात आणि त्यातला एक तरी वरच्या पायरीचा हवा. यादी डाउनलोड करून टिकमार्क करत बसणं सोपं आहे. पण फाइल तपासणारा फक्त काय आहे ते बघत नाही, काय एकमेकांशी भांडतंय ते बघतो.

समजा तुम्ही न्यू जर्सीहून डॅलसला आलात. लीज टेक्सासची, बिलं टेक्सासची, मूल टेक्सासच्या शाळेत. पण नोकरी रिमोट आहे, कंपनी तीच, आणि पेरोलला पत्ता बदलायचं राहून गेलं. जानेवारीत डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा टॅक्सचा कागद) येतो त्यात १५ नंबरच्या चौकटीत न्यू जर्सी छापलेलं. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळे तुमच्याकडे टेक्सासचं रिटर्न दाखवायला नसतंच, आणि हातातल्या एकमेव टॅक्सच्या कागदावर दुसऱ्याच राज्याचं नाव. वर गाडीला अजून न्यू जर्सीची प्लेट, कारण "रिन्यूअलला बघू". आणि न्यू जर्सीतलं एडिसनचं घर विकलं नाही, भाड्याने दिलं, पण तिथली "आम्ही स्वतः राहतो" म्हणून मिळणारी प्रॉपर्टी टॅक्सची सवलत बंद करायचं राहिलं. यातलं प्रत्येक सुटं बघितलं तर आळस आहे, एकत्र बघितलं तर हे कुटुंब अजून न्यू जर्सीचंच आहे.

म्हणून नव्या राज्यात आल्या आल्या पहिल्या महिन्यात हे उरका, कायद्यानेही मुदत कमीच असते. टेक्सासात गाडी ३० दिवसांत आणि लायसन्स ९० दिवसांत, व्हर्जिनियात गाडी ३० आणि लायसन्स ६०, कॅलिफोर्नियात तर लायसन्सला १० दिवस आणि गाडीला २०. पेरोल, बँक, कार इन्शुरन्स, सगळीकडे पत्ता बदला. टॅक्स रिटर्न भरताना जुन्या राज्यात पार्ट-इयर रेसिडेंट (वर्षातला काही काळच राहिलेला) म्हणून भरा आणि नव्या राज्यात टॅक्स असेल तर तिथेही तसंच. घर विकत घेतलं असेल आणि राज्यात होमस्टेड एक्झेम्प्शन (राहत्या घरावरची प्रॉपर्टी टॅक्सची सवलत) असेल तर ते लगेच घ्या, टॅक्सही वाचतो आणि "हे आमचं राहतं घर" असा सरकारी कागद पण तयार होतो. फ्लोरिडात काउंटी क्लर्ककडे डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल नोंदवता येतं, तो एक चांगला कागद.

आपल्याकडे लीज, बिलं, गाडी सगळं बहुतेक नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतं. जमेल तिथे दोघांची नावं टाका. नवऱ्याला मध्येच दुसऱ्या राज्यात प्रोजेक्ट मिळाला आणि आई मुलांबरोबर मागे राहिली, असं तर आपल्यात नेहमीच होतं, मग एच-४ वरच्या आईच्या नावाने एकही कागद नसला की केस लंगडी पडते.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि ही मी ठळक सांगते. जवळजवळ प्रत्येक राज्याच्या यादीत "व्होटर रजिस्ट्रेशन" हा पुरावा असतो. तुम्ही नागरिक नसाल तर याला हात लावायचा नाही. लायसन्स काढताना डीएमव्हीच्या (लायसन्स देणाऱ्या ऑफिसच्या) फॉर्मवर किंवा स्क्रीनवर "मतदार म्हणून नोंदणी करायची का" असं विचारतात, खिडकीवरची बाई घाईत असते, आपण पण मान डोलावतो. ग्रीन कार्डवाल्यांनाही मताचा अधिकार नाही. खोटं नागरिकत्व सांगितल्याचा ठपका बसला तर पुढे ग्रीन कार्ड, सिटीझनशिप, सगळंच धोक्यात येतं. तिथे "नाही" वर टिक करा आणि यादीतले बाकीचे कागद द्या, ते पुरतात.

पाचवं काम: फॉर्म

टेक्सासात ॲप्लिकेशनमध्येच कोअर रेसिडेन्सी क्वेश्चन्स, म्हणजे रहिवासाबद्दलचे प्रश्न, असतात. यूसीत ॲडमिशन स्वीकारल्यावर स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स भरावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनात हे सगळं एकाच जागी आहे, रेसिडेन्सी डिटर्मिनेशन सर्व्हिस, तिथे एकदा अर्ज केला की सर्टिफिकेशन नंबर मिळतो आणि तो राज्यातल्या सगळ्या कॉलेजांना चालतो. मला ही पद्धत सगळ्यात शहाणी वाटते.

एकच विनंती, हा फॉर्म मुलाला एकट्याला भरू देऊ नका. सतरा वर्षांच्या मुलाला बाबांनी घर कधी घेतलं, व्हिसा एच-१बी का एल-१, कोण कुणाच्या टॅक्सवर आहे, यातलं काही माहीत नसतं, तो रात्री बारा वाजता डेडलाइनला काहीतरी दाबून टाकतो आणि सिस्टिम त्याला नॉन-रेसिडेंट करून मोकळी होते. "टेक्सासात का आलात" असा प्रश्न असतो तिथे "चांगल्या शिक्षणासाठी" असं निरागसपणे लिहिणारे पण आहेत! बाबांची नोकरी इथे आहे म्हणून आलो, हे खरं असेल तर तेच लिहा.

मास्टर्सला आलेल्या मुलांसाठी

पुण्या-मुंबईहून एफ-१ वर एमएस करायला येणाऱ्यांना वरचं काहीच लागू नाही, पण टेक्सासात तुमच्यासाठी एक वेगळी वाट आहे. कमीत कमी १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप युनिव्हर्सिटीच्या अधिकृत कमिटीकडून मिळाली तर बाहेरची फी माफ होऊन राज्यातली फी लागू शकते. एक हजाराच्या स्कॉलरशिपने हजारो वाचतात. अशा माफीवर युनिव्हर्सिटीला विद्यार्थीसंख्येच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे सगळ्यांना मिळत नाही, डिपार्टमेंटला पहिल्याच आठवड्यात विचारा. हाफ-टाइम टीए किंवा आरए (शिकवण्यात किंवा संशोधनात मदतनीस) असाल तरी तिथे रेसिडेंट फी लागते. फक्त डोमिसाइल मोजताना टेक्सासात कॅम्पसवरची अशी नोकरी धरत नाहीत, ही दोन खाती वेगळी आहेत.

इन-स्टेट बसतच नसेल तर

पश्चिमेकडच्या राज्यांत वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज आहे, त्यात सभासद राज्यातल्या मुलाला दुसऱ्या सभासद राज्यात तिथल्या इन-स्टेट फीच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. बर्कली, लॉस एंजेलिस त्यात शोधू नका, आणि कम्प्युटर सायन्स, नर्सिंगसारखे मागणीतले कोर्स बऱ्याच कॉलेजांनी वगळलेले असतात, आधी बघा. या सवलतीवर काढलेली वर्षं इन-स्टेटच्या १२ महिन्यांत सहसा धरत नाहीत. मिडवेस्ट आणि दक्षिणेकडे अशाच वेगळ्या योजना आहेत, मिनेसोटा-विस्कॉन्सिनचा तर आपसात करारच आहे.

नॉन-रेसिडेंट ठरवलं तर

पत्र आलं की घाबरून फी भरून गप्प बसू नका. कनेक्टिकटने एकेकाळी नियमच केला होता की अर्ज करताना बाहेरचा असलेला विद्यार्थी शेवटपर्यंत बाहेरचाच, सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये तो मोडीत काढला, त्यामुळे परिस्थिती बदलली हे दाखवायची संधी मिळायलाच हवी. पत्रात कारण काय दिलंय ते नीट वाचा आणि फक्त त्याच कारणाला उत्तर द्या, एका पानाचं, तारखांच्या क्रमाने, प्रत्येक ओळीसमोर कुठला कागद जोडलाय त्याचा नंबर. "आम्ही प्रामाणिक कर भरणारे लोक आहोत" असली वाक्यं नकोत. नवीन कागद जोडल्याशिवाय तेच अपील परत पाठवण्यात अर्थ नाही. मुदत बघा, ती कमी असते आणि सेमिस्टर उलटून गेल्यावर मागचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. अपील चालू असलं तरी फी भरायची तारीख पुढे जातेच असं नाही, म्हणून अकाउंट्स ऑफिसला वेगळं विचारून घ्या, नाहीतर अपील जिंकाल पण मुलाचे क्लासेस फी न भरल्यामुळे आधीच ड्रॉप झालेले असतील.